सतरावी नळी

शिरूर,
३ सप्टेंबर २००९

चि. नागसेन,

सप्रेम जयभीम. तुम्हाला राहू गावी, गौतमीच्या माहेरी पोचून आठवडा झाला, गौतमीला आता भूक लागते का? तिच्या आईला सांग, भाकरी दुधात कुस्करून द्या, नाही म्हणाली तरी. मी बरी आहे.

इथलं काय सांगू! काल दिवसभर बैठक. विषय, स्वाइन फ्लूचे रिपोर्ट लवकर कसे यावेत. पुण्याच्या लॅबमधलं यंत्र नमुन्यातला विषाणू ओळखायला सहा तास घेतं, ते चारावर आणायचं म्हणून साहेब लोक जेवण होईपर्यंत भांडले. एकाने तर नमुने नेणाऱ्या जीपला सायरन बसवा म्हणून सुचवलं. मग मला विचारलं, "रणपिसे मॅडम, उशीर नेमका कुठं होतो?" मी म्हणाले, "फॉर्म अर्धवट भरून येतात." आणि खाली बसले.

तू इंद्रजीत ड्रायव्हरवर तक्रार दिलीस, की तो वाघोलीला चहाला रेंगाळतो म्हणून गौतमीचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. त्याला कामावरून काढलंय. परवा केंद्राच्या दारात आला होता. "ताई, माझ्या गाडीत नमुन्यांच्या सोळा नळ्या व्हत्या. गौतमीवहिनींची त्यात न्हवतीच की. तुम्ही सांगा ना सायबांना." मी रजिस्टर चाळत राहिले.

नागसेन, तो खरं बोलतो.

चौदा ऑगस्टला, शुक्रवारी, सतरा नमुने जमले. लॅब आमच्या केंद्राचे दिवसाला सोळाच घ्यायची. सातवा महिना, ताप, दम. नियमाने गौतमीची नळी पहिली जायला हवी होती. मी ती पेटीत ठेवलीही. तेवढ्यात मारुतराव मुलीला, सायलीला घेऊन आले; तिचा नमुना सतरावा. पोरीला नुसती सर्दी. गौतमीच्या नळीवरचं रणपिसे आडनाव वाचून सगळ्यांसमोर म्हणाले, "व्हय बाई, घरची नळी आधी का? आता काय, तुमचंच राज्य हाय!" लोक हसले. वीस वर्षं नोकरीत हे ऐकायला लागू नये म्हणून मी जपत आलेय. मी गौतमीची नळी काढली, सायलीची ठेवली. आणि मला बरं वाटलं रे, स्वतःबद्दल. आपण किती निःपक्षपाती!

शनिवारी झेंडावंदन, मग रविवार; गाडी सोमवारीच जाणार हे मला ठाऊक होतं. तीन दिवस ती नळी माझ्या फ्रिजमध्ये होती. रिपोर्टाशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या. रिपोर्ट मंगळवारी आला, बुधवारी तुमचं बाळ गेलं. सायलीला काहीच निघालं नाही.

गौतमी निघताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून मी तरी वाचले." मी तिची पिशवी गाडीत ठेवून दिली.

आज सकाळी साहेबांना हे सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला. गौतमीला मी स्वतः सांगेन, तू येऊ देशील तर. इंद्रजीतचं नाव मात्र तक्रारीतून आजच्या आज काढ. त्याच्या जागी घालायला माझं नाव पूर्ण लिहून देते,

माया ज्ञानदेव रणपिसे,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ, स्वॅब केंद्र, शिरूर