चांदीपच्या समुद्रावरून

ती. अनसूयाआत्या,

बारावीच्या सुट्टीत तुझ्या ओटीवर वाल सोलताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते की मी स्वतःची शाळा काढणार, आणि तू तांदूळ पाखडणं न थांबवता म्हणालीस, "शाळा काढणाऱ्यांना मुलं लागतात, स्वप्ना. मुलांना ते लागतातच असं नाही." मला वाटलं होतं, आत्या थकली आहे. (तू तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होतीस, हे काल हिशेब करताना लक्षात आलं.)

असो. विरारहून तुला आणि प्रल्हादकाकांना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला वटारच्या हवेने तरी हटला का? वाडीतल्या केळीला या वर्षी घड बरे धरले असं तुझा भाचा संकेत सांगत होता. त्याला तू बाजारात भेटलीस म्हणे, आणि माझी चौकशी केली नाहीस म्हणे. आम्ही सगळे ठीक आहोत. इशिता नऊ वर्षांची झाली, उंच झाली, पोहते, तव्यावर स्वतःची भाकरी टाकते, आणि अजून वाचत नाही. हे मी इथे असं सहज लिहिते आहे, कारण आमच्या शाळेत ते असंच सहज म्हणायची पद्धत आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिलं नाही. तू ते उघडत नाहीस, आणि हे चुकून आमच्या पालकांच्या ग्रुपवर गेलं तर मला हे गाव सोडावं लागेल.

तर आमच्या शाळेबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे तिला शाळा म्हणायचं नाही. तिचं नाव 'कोंब'. हे नाव ठरवायला आम्ही सात कुटुंबं सात आठवडे चटईवर गोल करून बसलो, आणि पाटी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ चिकूची कलमं विचारत आले. आमच्याकडे शिक्षक नसतात, सोबती असतात. वर्ग नसतो, वर्तुळ असतं. घंटा नाही, कारण घंटेने मूल दचकतं. त्यामुळे जेवायची वेळ झाली हे अकरा मुलांना एकेकट्याच्या कानात जाऊन सांगावं लागतं, आणि शेवटच्याला सांगेपर्यंत पहिल्याचं जेवण उरकलेलं असतं. आमचे मुख्य विचारवंत नीलेश. बँकेतली नोकरी सोडून आले आहेत, आणि बँकेत कुणी ऐकत नव्हतं ते सगळं इथे बोलून घेतात. दुसरी उन्नती. दहा वर्षं मोठ्या शाळेत शिकवून तिचा जीव विटला होता, हे खरं आहे आणि त्याबद्दल मला तिची माया वाटते. पण विटलेल्या माणसाने काढलेली शाळा ही जुन्या शाळेवर उगवलेला सूड असते, मुलं मध्ये नुसती उभी असतात. तिसरी मी. माझ्याबद्दल पुढे येईलच.

आगाशीला रिटाबाईंचं घर आम्ही भाड्याने घेतलंय, मागे विहीर आहे, पुढे पेरूची दोन झाडं. उन्नतीचं म्हणणं असं पडलं की अक्षरं दिसत राहिली की मुलावर वाचायचं दडपण येतं. मुलाने आपणहून 'मला शिकवा' असं मागितल्याशिवाय कुणी एक अक्षरही दाखवायचं नाही. झालं, आवारातली छापील अक्षरं हटवायची ठरली. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या (आणि त्या आठवड्यात मुलांनी शिजवलेल्या खिचडीत मिठाऐवजी खाण्याचा सोडा पडला, ती पातेल्याबाहेर चालत आली, तो अनुभव म्हणून वहीत काढला गेला, म्हणजे चित्र, लिहून नव्हे). मग नीलेश रिटाबाईंकडे गेले आणि त्यांच्या ओटीवरचं चर्चचं कॅलेंडर काढून ठेवाल का, असं फार नम्रपणे विचारून आले. त्या बाईंनी आयुष्यात बरेच भाडेकरू पाहिलेत. त्यांनी कॅलेंडर काढलं, घडी केली आणि एवढंच विचारलं की तुमच्या पोरांना आजचा वार कळलेला चालतो ना. इशिता कोंबमध्ये आली तेव्हा तिला अआइई येत होतं. ते आम्ही तिला 'विसरू दिलं'. हा आमचाच शब्द आहे. मी तो दोन भाषणांत वापरला आहे.

आणि एखाद्या मुलाने मागितलंच, तर तो सोहळा असतो. सगळे वर्तुळात बसतात, मूल मधोमध उभं राहून आपली इच्छा सांगतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि त्याच्या नावाने आवारात एक रोप लागतं. तीन वर्षांत दोन रोपं लागली आहेत (ज्यांची होती ती दोन्ही मुलं आता दुसऱ्या शाळेत जातात). त्यातलं एक पपईचं, ते रिटाबाईंच्या शेळीने खाल्लं.

आता मागच्या मंगळवारचं ऐक. मुलांनी कळंबच्या समुद्रावर जायचं ठरवलं. उत्तम. नीलेश म्हणाले, प्रवासही मुलांनीच ठरवायचा, मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. चूक झाली तर चुकीतून शिकतील. आम्ही तिघांनी तसा शब्द दिला, वर्तुळात, उजवा हात छातीवर ठेवून. आगाशीहून कळंबला रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येतं. पण मुलांनी असा निर्णय घेतला की बस पाहिजे, आणि बस जिथे पुष्कळ असतात तिथून घ्यायची, म्हणजे विरार स्टेशन. तिथे सरकता जिना दिसला. सरकता जिना असताना पश्चिमेला थांबायचं कारण काय? जिन्याने वर, पुलावरून पलीकडे, आणि पूर्वेला एक बस उभी, रिकामी, खिडक्या सगळ्या मोकळ्या. बसच्या कपाळावर ठसठशीत मराठीत लिहिलं होतं, चांदीप. अकरा मुलं बादल्या, टॉवेल आणि वाळूचे साचे घेऊन आत चढली. आम्ही तिघांनी पाटी वाचली. एकमेकांकडे पाहिलं. उन्नतीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. कंडक्टरने विचारलं, एवढी पोरं घेऊन चांदीपला कुणाकडे निघालात, तर नीलेश हसले आणि त्यांनी चौदा तिकिटं 'शेवटच्या थांब्याची' मागितली, म्हणजे गावाचं नाव उच्चारायला नको. कंडक्टरने आमच्याकडे जसं पाहिलं तसं माझ्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही. तू सोडून, उद्घाटनाच्या दिवशी.

चांदीप छान आहे आत्या. कापणी झालेली भातशेतं, पेंढ्याच्या उडव्या, मागे डोंगर. समुद्र तेवढा नाही. मुलं उतरून बांधावरून तो शोधायला लागली, डोळ्यांवर पोहायचे चष्मे, कमरेला फुगवलेले टायर. पेंढा रचणाऱ्या एका बाईने हातातली पेंढी खाली ठेवली आणि विचारलं, कुठं चाललात. एका मुलाने समुद्रावर असं सांगितल्यावर ती माझ्याकडे वळली.

"बाई, पानी पायजे तं विहिरीत हाय," ती म्हणाली. "पन तुमी शिकलेल्या दिसता. गाडीवरचा बोर्ड नाय वाचला?"

मी, शब्दाला बांधलेली, तिला नुसता नमस्कार केला. तिची नात, सहाएक वर्षांची, जेवणाच्या सुट्टीत गावच्या शाळेतून आलेली. ती आमच्या परतीच्या बसकडे बोट दाखवून मोठ्याने वाचायला लागली, वि, रा, र, विरार. मग ड्रायव्हरच्या मागची सूचना. मग नीलेशच्या पिशवीवरचं आमचंच ब्रीदवाक्य, 'उमलू द्या'. काही विशेष करतोय असं तिच्या तोंडावर नव्हतं. इशिता तिच्या शेजारी उभी होती, बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

परतताना ती माझ्या शेजारी बसली. रिकामी बादली तिने मांडीवर उपडी घातली. मग म्हणाली, "आई, तुला तो बोर्ड वाचता येत होता?"

मी हो म्हटलं.

"मग तू मला चुकू का दिलंस?"

त्याला आमच्याकडे उत्तर आहे, छापील पत्रकात आहे, मीच लिहिलेलं, बारा ओळींचं. मला त्यातली एकही ओळ आठवली नाही. (संध्याकाळच्या वर्तुळात ही सहल फार यशस्वी झाल्याचं ठरलं. नीलेश त्यावर लेख लिहिताहेत.)

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप.

तुझी,
स्वप्ना

ता. क. वालाच्या शेंगा निघाल्या असतील तर संकेतकडे थोड्या दे. त्याच्यावर तुझा राग नाही ना.

ता. क. वरचं सगळं हसत वाचलं असशील तर एक राहिलं. त्याच संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना इशिता मला म्हणाली की तिला वाचायला शिकायचं आहे, गेल्या वर्षापासूनच शिकायचं आहे. पण तिला मधोमध उभं राहायचं नाही, टाळ्या नकोत आणि रोप तर नकोच. म्हणून ती मागतच नव्हती. आम्ही मात्र वर्षभर तिच्याबद्दल बैठकांत सांगत होतो की ती अजून तयार नाही.

मी घरी शिकवून पाहिलं. सोळा वर्षं मास्तरकी केलेली बाई मी. 'क' समोर ठेवून मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, हे काय असेल? ती म्हणाली, वाटत काही नाही आई, तू सांग. आणि मला सांगता येईना. मी पुन्हा विचारलं, वेगळ्या तऱ्हेने, मग ओरडले, मग रडले. तिने पुस्तक मिटलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तीन वर्षांत मी सरळ सांगणं विसरले आहे. तिला विसरू देण्याच्या नादात माझंच गेलं.

ता. क. शेवटचं, आणि याचसाठी पत्र लिहिलं. उद्घाटनाला, माझं बोट धरून मला अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या तुला, पहिल्या रांगेत बसवून मी माइकवर म्हणाले की आमच्या लहानपणी अक्षरं गिरवून घेणाऱ्यांनी आमची बोटं वळवली आणि मनं मोडली. त्या भाषणात सगळ्यांत जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मी ते वाक्य तुझ्याकडे पाहत म्हटलं नव्हतं, एवढंच माझं पुण्य. तू पेढा न घेता उठलीस आणि नंतर काकांजवळ म्हणालीस की आता या हाताने कुणाच्या पोराचं बोट पाटीवर धरणार नाही. तुझा शब्द माझ्या शब्दासारखा नसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तू नाही म्हणशील हे धरूनच विचारते. दर रविवारी दुपारी आमची पालकसभा असते, तेव्हा मी कुठे आहे हे कुणी विचारणार नाही, मी आजारी आहे असं कळवेन. तेवढे दोन तास इशिताला तुझ्याजवळ बसव. तिचं बोट धर आणि गिरवून घे. मी फाटकाबाहेर थांबेन, मला आत बोलावू नकोस.