मेंदूचा देठ

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमचा भयंकर राग आलाय. हॉस्पिटलच्या बाकावर बसून एका रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलंच नाहीत, ते आत आहेत आणि मशीन त्यांना श्वास देतंय. परवा सकाळी कार्तिकस्नानाला दुर्गाघाटावर गेले होते. पुराची गाद पायऱ्यांवरून अजून पुरती निघालेली नाही. पाय घसरला, डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या देठाचं काम बंद पडलंय. सकाळी एक तपासणी झाली, दुसरी चार वाजता आहे. तीही तशीच निघाली तर कागदावर ‘मृत’ असं लिहितील. आता दीड वाजलाय.

हा देठ मी पहिल्यांदा पाहिला तो ब्रह्माघाटच्या आपल्या स्वयंपाकघरात. आठवडाभर इंटर कॉलेजात हिंदीतून विज्ञान शिकवून तुमचं पोट भरत नसे, म्हणून रविवारी गल्लीतल्या आम्हा मराठी पोरांना धरून बसवायचात. आई फुलगोभी चिरायला बसली होती. तुम्ही तो गड्डा तिच्या विळीवरून उचललात. म्हणालात, “हा वरचा पसारा म्हणजे तुमचे पाढे, तुमच्या आठवणी, तुमची भांडणं. आणि हा खालचा देठ, जेमतेम बोटाएवढा. श्वास, गिळणं, खोकला, डोळ्याची बाहुली लहानमोठी करणं, माणसाला जागं ठेवणं, सगळं याच्याकडे. शरीराचा निरोप वर जायचा तर याच्यातूनच.” आई म्हणाली, “मेंदू शिकवून झाला असेल तर भाजी टाकू का?” मग तुम्ही आम्हाला श्वास रोखून धरायला लावलंत. शेजारच्या वैदिकांचा मुलगा प्राणायामाच्या जोरावर सगळ्यांत जास्त टिकला, आणि शेवटी त्यानेही तोंड उघडलंच. “रक्तात खराब हवा साचली की देठ हुकूम सोडतो,” तुम्ही म्हणालात. “तिथे कुणाची मर्जी चालत नाही.”

त्याच वर्षी आजी गेली. मी धाकट्या भावाला सांगितलं, आजी झोपलीय. तुम्ही सगळ्यांदेखत माझा कान धरलात. “पोरांशी खोटं बोलायचं नाही. मेली म्हण.” मी आठ वर्षांची होते हो, अण्णा.

सकाळी डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. डोळ्यांत टॉर्च मारला, बाहुल्या हलल्या नाहीत. बुबुळाला कापूस लावला, कानात बर्फाचं पाणी सोडलं, नळीने घसा डिवचला. मग मशीन सोडवून नुसता ऑक्सिजन चालू ठेवला आणि सगळे त्यांच्या छातीकडे बघत राहिले. मी हुकमाची वाट बघत होते. आता सोडेल, आता सोडेल. दुसरी एखादी बाई तिथे नवस बोलली असती. मला मात्र एकेक मिनिट काय सांगतंय ते कळत होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तुम्ही माझ्या हातातली काडी मी लहान असतानाच काढून घेतलीत. हे कसलं शिक्षण दिलंत मला?

मघाशी सासूबाई माझ्या लेकीला घेऊन आल्या. नऊ वर्षांची आहे. आत गेली आणि दोन मिनिटांत धावत बाहेर आली. “आई, बाबा जाग रहे हैं! मी हाक मारली ना, तर त्यांचा पायाचा अंगठा हलला. सच्ची!” सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेबांना बोल गं, मशीन काढू नका म्हणावं. पाय हलतोय माझ्या पोराचा.”

मी लेकीला बाकावर बसवलं आणि याच कागदावर देठ काढला. गोभीच काढली, दुसरं काही येतच नाही मला. सांगितलं की त्याच्या खाली पाठीच्या कण्यातून एक दोर जातो, तो दोर आपला आपणच अंगठा हलवतो, त्याला वरून काही विचारावं लागत नाही. छातीत धडधडतंय ते हृदयाचं स्वतःचं आहे, मशीन हवा देतंय तोवर चालेल. श्वास मात्र देठाचाच, आणि देठ गेलाय. ती चित्राकडे बघत बसली. “तर मग माझी हाक बाबांना गेलीच नाही?” म्हटलं, नाही. “पण आई, मी फिर से मारून बघू?”

मेली म्हण, असं तुम्ही शिकवलंत. माझ्या तोंडून निघालं, “बघ. जोरात मार.”

आम्ही तिघी आत गेलो. हे पत्र कुठेच जायचं नाही, तेव्हा तुमच्यापासून लपवून काय करू? ती “बाबा” म्हणाली, अंगठा हलला नाही. पुन्हा म्हणाली. मग मी वाकून “अहो” म्हटलं. आणि मग, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, सासूबाईंसमोर, यांना नावाने हाक मारली आणि अंगठ्याकडे बघत राहिले.