एका दुपारी चाळीस इशारे

वारजे, १३ मार्च २००४

प्रिय अभिनव,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. इथल्या खोलीत चार वर्षं एकाच स्टोव्हवर चहा केला, तेवढ्यापुरतं ते खरं समज.

फळ्यावर तू रोज आकडा लिहायचास. मेमरी सांभाळणाऱ्या त्या जुन्या कोडमध्ये, कोड मशिनच्या भाषेत उतरवताना चुका दाखवणाऱ्या कंपायलरनं तीनशे बारा इशारे दिले होते आणि अमेरिकेतल्या ग्राहकाला महिनाअखेर शून्य हवं होतं. मी एकेका इशाऱ्याचं कारण शोधत दिवसाला चार मिटवायचो. तू एका दुपारी चाळीस मिटवलेस. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्या ठिकाणी मेमरीतला मोठा पत्ता लहान जागेत कोंबला जात होता, कंपायलर तेच सांगत होता. जागा मोठी करायची सोडून तू त्याला लिहून दिलंस, की मला माहीत आहे, तू गप्प बस. आपल्या मशिनवर मेमरी थोडी, पत्ते लहान, म्हणून निभावलं. ग्राहकाच्या मोठ्या मशिनवर पत्त्याचा अर्धा भाग कापला गेला, एका प्रोग्रॅमची जागा दुसऱ्याला दिली गेली आणि तीन दिवस त्यांची यंत्रणा कोसळत राहिली.

ते बदल ग्राहकाच्या मुख्य कोडमध्ये तू नम्रताला तिच्या नावानं चढवायला लावलेस. चांगल्या मनानं, हे मी कुठंही सांगेन. वर्ध्याची पोरगी, बिबवेवाडीत कॉट बेसिसवर राहते, प्रोबेशन संपत आलेलं. नावावर काम दिसलं की कायम होईल, म्हणालास. आपल्याकडे सगळेच टीम लीड हे पुण्य करतात. पण गुरुवारी एचआरनं तेच नाव वाचून तिला घरी पाठवलं, तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास. सोमवारी तिचा राजीनामा घेणार आहेत. काल तिचा फोन आला. रडली नाही. "सर, मी फक्त चढवलं होतं हो. बाबांना काय सांगू?" एवढंच विचारलं.

कॉलेजात श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी तास तास बोलायचो, तू पहिल्या रांगेत बसायचास. डॉलरनं आपली जीभ विकत घेतली, असं मी अजूनही कँटीनमध्ये गर्जतो. गुरुवारी एचआरच्या त्या खोलीत मात्र मीही गप्प होतो. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बदल चढवायचा नाही, हा आपला नियम. तुझ्या त्या चाळीस बदलांखाली 'तपासलं' म्हणून नाव आहे ते माझं. मी एक ओळही वाचली नव्हती. अभिनवचं काय तपासायचं, म्हणालो आणि प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यायला येरवड्याला गेलो. एचआरनं माझंही नाव पाहिलं, पण सीनियरला कोण विचारतो?

सोमवारी दहा वाजता ग्राहकाचा फोन आहे. सगळ्यांसमोर मी आधी माझं नाव घेणार आहे, मग तुझं. तू स्वतः बोललास तर दुसरं नाव मला घ्यावं लागणार नाही. नोकरी दोघांचीही जाईल, तिची राहील. विचार करायला उद्याचा रविवार तुला मिळावा, म्हणून हे पत्र आत्ताच तुझ्या दाराखाली सरकवतोय. बेल वाजवणार नाही.

सोमवार सकाळपर्यंत तरी तुझाच,
वैजनाथ