डोसाआधीचा प्रश्न

४ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न.

तुझा ढब्बू परवा सात आठवड्यांचा झाला. नावाचाच ढब्बू, वजनाचा काटा काही पुढे सरकत नाही. हे म्हणतात, माझ्यावर गेलाय, खाल्लेलं अंगी लागत नाही. मी शिलाई मशीनवर बसले की तो शेजारच्या टोपलीत झोपतो, आणि गिऱ्हाइकं माप द्यायचं सोडून त्यालाच बघत बसतात.

लशींचं कार्ड घेऊन दवाखान्यात गेले होते. जन्मल्यावर टोचलेली जागा अजून ओली आहे, काखेत गाठही आलीय. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळ मुलांना होतं. पण वजन पाहून त्यांनी आजचा तोंडातून द्यायचा डोस थांबवला. त्यात जिवंत पण कमजोर केलेले जंतू असतात म्हणे. हजारो मुलांना ते सोसतात, एखाद्याला मात्र मुळीच चालत नाहीत. तो दोष आईच्या माहेराकडून मुलग्यांत उतरतो, म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या माहेरी कुणी मुलगा तान्हेपणी दगावलाय का? मी नाही म्हटलं, तरी आईला विचाराच म्हणाले. लगेच कळव.

लोभ आहेच, तो जरा पहिल्या टपालाने येऊ दे.

तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

चि. सौ. ताईस, अ. उ. आ.

तुझ्या डॉक्टरांना शंका काढायचाच पगार मिळतो वाटतं! आपल्याकडे कुणी दगावलेलं नाही. तू थोरली, तुझ्या पाठीवर धाकटी, दोघी ठणठणीत. तूही लहानपणी काडीच होतीस. डोस चुकवू नकोस, कार्डावरची तारीख म्हणजे तारीख.

तुझे बाबा छापखान्यातून आल्याआल्या तुझं पत्र मागतात. हे मात्र मी त्यांना दाखवलं नाही. पुन्हा असलं अभद्र लिहू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

८ मार्च

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी डोस दिला. तेव्हापासून ढब्बूचे जुलाब थांबलेले नाहीत. दहा दिवस झाले, तोंड आतून पांढरं पडलंय, पुसलं तरी जात नाही. दूध ओढत नाही. खोकला तर पाठच सोडत नाही.

डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तुझं पत्र पुढे केलं, तर म्हणाले, आईला पुन्हा एकदा विचारा. आई, माझा जीव टांगणीला लागलाय. काही असेल तर सांग.

तुझी,
ताई

१५ मार्च

चि. सौ. ताईस, अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज कागद काढते आणि घडी करून ठेवते.

तू थोरली नाहीस. तू तिसरी आहेस. तुझ्याआधी दोन मुलगे झाले. एक पाच महिन्यांचा गेला, दुसरा चार. दोघांचंही तोंड असंच पांढरं पडलं होतं. त्यानंतर थोरला चोवीस दिवस होता, दुसरा एकोणीस. तू झालीस तेव्हा बाबा म्हणाले, आता या घरात त्यांचा विषय निघायचा नाही. पुढे तुझी स्थळं बघताना मलाही वाटलं, झाकली मूठ झाकलेलीच बरी. तू विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं. मला वाटलं, नाही म्हटलं की नसतंच.

लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही.

आई

१९ मार्च

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. डॉक्टरांनी उभ्यानेच वाचलं. कार्डावरच्या पुढच्या सगळ्या जिवंत लशींवर काट मारली, आम्हाला दवाखान्यातच वेगळ्या खोलीत ठेवून घेतलं आणि रक्त मोठ्या इस्पितळात पाठवलं. हे महिन्यापूर्वी कळलं असतं तर डोस दिलाच नसता, एवढंच म्हणाले. मला कुणी रागावलं नाही. मी मात्र तुझ्यावर खूप रागावलेय, आणि तरीही तूच हवी आहेस.

तोंड पांढरं पडल्याला आज एकवीस दिवस झाले. दुसऱ्या भावाचा आकडा त्याने ओलांडलाय. थोरल्याचे चोवीसच होते का? नीट आठव, जास्त असतील. नसले तर लिहू नकोस, निघून ये. हे पत्र तुला पोचायला तीन दिवस लागतील.

तुझी,
ताई