सहाणेवरची पिवळी रेघ

आई, तुझ्या मंगळसूत्रातले सोन्याचे दोन मणी अक्काकडे आहेत. तूच ते तिच्या हातात ठेवले होतेस. त्यातला एक आता एका बाजूनं झिजलाय, त्याबद्दल लिहायला बसलोय.

मी अंधेरीला ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथं सोन्याचे कण तयार करतात. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. सोनं एवढं बारीक झालं की पिवळं राहत नाही, बाटलीत कोकम सरबतासारखं लाल दिसतं. ते कॅन्सरच्या गाठीत सोडायचं आणि वरून ठरावीक प्रकाश पाडायचा. मग कण तापतात आणि आजूबाजूला फारसं न दुखावता तेवढी गाठ जळते. आमच्याकडचं हे काम अजून उंदरांपलीकडं गेलेलं नाही. माणसापर्यंत कधी पोचेल ते आमचे सरही सांगत नाहीत. मेहुणे गेल्यापासून अक्का घाटकोपरला माझ्याकडंच असते. जेवताना मी तिला हे कौतुकानं सांगायचो. उंदरांचं शेवटी सांगायचो, कधी ते राहूनही जायचं.

दिवाळीनंतर तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, मग त्याची जखम झाली. मिशरी ती तुझ्याच डब्यातली लावायला शिकली, आणि दुखणंही तुझंच आलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आधी ऑपरेशन, मग शेक, वेळ घालवू नका. शेक हा शब्द कानावर पडला आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुझ्या वेळी तालुक्याच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं, मुंबईला न्या, शेक द्यावा लागेल. तू चुलीपुढं बसली आहेस. तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून गालाला लावतेस आणि म्हणतेस, "शेकायला मुंबईला कशाला जायचं? आपली चूल काय विझलीय?" आम्ही सगळे हसतो. दवाखान्यातला शेक वेगळा असतो, तो किरणांचा असतो, हे आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी दहावीत होतो. पुढचा उन्हाळा तू पाहिला नाहीस.

अक्का ऑपरेशन पुढं ढकलत राहिली. कधी गुडघा दुखतोय, कधी एकादशी आहे. परवा सकाळी पूजेला बसलो, गंध उगाळायला सहाण घेतली, तर तिच्यावर पिवळी रेघ. बाहेर गॅलरीत अक्का उन्हाकडं तोंड करून, आ वासून बसलेली. ओठाला मध लागलेला. शेजारी वाटीत तुझा मणी.

"अक्का, हे काय चाललंय?"

"तुझंच औषध. सोनं आणि उजेड." तिनं जबडा चोळला. "आईनं तुला तान्हेपणी सोनं उगाळून चाटवलं, म्हणून तर एवढा शिकलास."

"ते सोनं वेगळं असतं गं."

"सोन्यात कसलं वेगळं? सोनारासारखा बोलू नको."

एरवी मी हसलो असतो. तुझ्या वेळी शेक हा शब्द आम्हाला समजावून सांगणारं घरात कुणी नव्हतं. हिच्या वेळी मी होतो, रोज ताटावर समोर बसून बोलत होतो. मी तिच्याजवळ खाली बसलो. प्रयोगशाळेतलं सगळं परत सांगितलं, या वेळी उंदरांपासून सुरुवात केली. तिला ते पटलेलं दिसेना. शेवटी म्हणालो, "आईनंही शेक घरीच घेतला होता, अक्का."

तिनं वाटी बाजूला सारली. मग मधाचं बोट पदराला पुसलं.

"सोमवारी ने मला," ती म्हणाली. "पण त्याआधी एकदा तू उजेड पाड. तुझा हात त्यातला आहे."

मी मोबाईलची बॅटरी लावली.

उद्या सोमवार. तिची पिशवी भरून झाली आहे, मणी तिनं देवघरात ठेवलाय. हा कागदही तिथंच राहील, पाठवणार कुठं. एवढंच सांगायचं होतं. जखम बघायला क्षणभर उजेड पुरला असता. पण मी देवाचं नाव घेत तो उजेड तिथंच धरून ठेवला, ती "पुरे रे, तोंड दुखतंय" म्हणेपर्यंत. मला सगळं माहीत होतं, आई, तरी धरला.