तिसऱ्या रांगेतले बाबा

दि. ११ जून, दुपार

ती. ताई,

नमस्कार. फाडण्याआधी निदान एक पान तरी वाच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

मी मजेत. भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा. बसस्टँडबाहेर फोनची कव्हरं आणि गॉगल विकणं चालू आहे. 'ओरिजिनल आहे का?' असं कुणी विचारलं की पूर्वी छातीवर हात ठेवून हो म्हणायचो. आता म्हणतो, 'या भावात ओरिजिनल फक्त मी.' गिऱ्हाईक हसतं आणि घेतं. इकडे ऊन फार आहे.

बरं, ऊन-बिन पुरे. मी कशाबद्दल लिहितोय ते तुला ठाऊक आहे.

त्या रॅपच्या स्पर्धेत, पहिल्या फेरीला, माझ्या आधीच्या गड्याने आपली कर्मकहाणी अशी सांगितली की परीक्षक डोळे पुसायला लागले. मग माझा नंबर. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? धडधाकट बाप, धंद्याने शिंपी, सकाळपासून मशीनवर. मी माइक धरला आणि बोलून गेलो, 'हे गाणं माझ्या गेलेल्या बाबांसाठी.' टाळ्यांचा नुसता पाऊस. आयोजक पाठ थोपटून म्हणाला, 'हेच धरून ठेव, हे चालतं.' मी धरून ठेवलं. पाच फेऱ्या बाबांना मारत राहिलो.

वर ताल कशाचा, तर त्यांच्याच मशीनचा! मागे कधीतरी फोनवर आवाज भरून घेतला होता. पायमशीनचा चामडी पट्टा तारेच्या टाक्याने जोडलाय ना, तो टाका चाकावरून गेला की खट्ट वाजतो. तोच माझा ठेका.

गाणं फोनोफोनी फिरलं आणि तुझी शेजारीण तोंड पाडून तुला भेटायला आली. नेमके बाबा तुझ्याकडे राहायला आलेले, दार त्यांनीच उघडलं! तिने गडबडून गाणं लावून दाखवलं. बाबांनी पूर्ण ऐकलं, 'मशीन माझंच आहे' एवढं म्हणाले आणि आत गेले. हे तू मला फोनवर रडत सांगत होतीस आणि मला मेल्याला हसू फुटलं. तू फोन आपटलास. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून मी घरची पायरी चढलो नव्हतो.

ताई, 'तोंडातून निघून गेलं' असं मी सगळ्यांना सांगतो, ते अर्धंच खरं आहे. 'बडबड करून कुणाचं पोट भरलंय?' असं म्हणून बाबा माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. त्याचा राग होता. पहिल्यांदा 'बाप गेला' म्हणताना मला बरं वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लाज वाटते गं.

परवा रविवारी दुपारी शेवटची फेरी होती. मी मंचावर गेलो, ठेका सुरू झाला, समोर पाहिलं तर तिसऱ्या रांगेत बाबा! इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच, काढायला विसरलेले. तोंड घुम्यासारखं, पण उजवा पाय ठेक्यावर वरखाली चाललेला.

पाठ केलेले शब्द सोडून दिले. कसंबसं म्हणालो, 'हे गाणं खोटं आहे. ज्यांना मी मारलं ते बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. हा आवाज त्यांच्या मशीनचा आहे.' लोकांना वाटलं नाटकच आहे, शिट्ट्या वाजल्या. बाबा उठले आणि दुकानात गर्दी झाल्यावर म्हणतात तसं हात करून म्हणाले, 'बसा, बसा.' मग त्या ठेक्यावर सुचेल ते बोलत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण बाबा खाली बसून शेवटपर्यंत ऐकत होते.

आयोजकाने तिथल्या तिथे माझं नाव कापलं. बक्षीस गेलं, गाण्याची रेकॉर्ड निघणार होती तीही गेली. आणि खरं सांगू? दातात अडकलेलं काहीतरी निघावं तसं वाटलं. सुटलो.

बाहेर बाबा उभे होते. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, 'मेल्यावर एवढं कौतुक केलंस, थोडं जिवंतपणी कर की. आणि माझा पट्टा खडखडतो हे गावभर कशाला सांगायचं?' मी रडत होतो आणि हसतही होतो. घरी जाऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा घेऊन गेलो. बाबांनी तो हातात घेतला, ताणून पाहिला आणि खणात ठेवून दिला. म्हणाले, 'राहू दे. तुझं गाणं बिघडेल.'

येत्या रविवारी ये ना. माझ्यासाठी नको येऊस, मी अजून तेवढा लायक नाही. बाबांनी निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहितो: 'तिला म्हणावं, मी जिवंत आहे. खात्री करायची असेल तर येऊन बघ.'

वाट पाहणारा,
बाबा असलेला तुझा धाकटा भाऊ,
बडबड्या