लांब बाह्या

चिमणे,

कल्पना कर, एक शिंप्यांचं घर आहे. सकाळच्या उन्हात तिथे कापसाचे तंतू असे तरंगतात, जणू घरच अर्धवट झोपेत आहे. लेक सासरहून येते आणि दरवेळी म्हणते, "बाबा, बाह्या थोड्या लांब करा ना." आजोबा बोटभर वाढवतात. "फॅशन असेल," म्हणतात. बाह्या मनगटाला टेकतात, तरी कुणी काही विचारत नाही.

काल मात्र टेपचं टोक धरलेल्या नातीने विचारलं, "आत्या, हे काळंनिळं काय गं? काकांनी मारलं?"

"भांड्याला भांडं लागतंच," आजी पुटपुटली.

"मग दोन्ही भांड्यांना पोचे येतात ना आजी? काकांना कुठे आलेत?"

शिवणयंत्र थांबलं. आत्या परत सासरी गेली. नंतर आजोबांना सुईत दोरा काही ओवता येईना. आज सकाळी आजीनेच आधी चपला घातल्या.

दोघं लेकीला कायमची आणायला गेलेत, सोबत पोलीस घेऊन. दूध झाकून ठेवलंय. शेजारच्या काकू तुझ्याजवळ बसतील. खिडकीजवळची गादी आत्याची. तिला खोदून विचारू नकोस, बोलेल तेव्हा ऐक.

आणि गोष्टीतल्या नातीने पुढे काय केलं? तिने आतून कडी लावली. काकांनी दाराशी येऊन लाडाने हाका मारल्या, तरी ती जागची हलली नाही. मग उन्हं कलताना तिला आत्याचा आवाज ऐकू आला, आणि तिने धावत जाऊन कडी काढली.

आजोबा